अल्मा वॅडलोचं शुद्धिपत्र

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. वॅडलो मंडळींना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी अल्मा वॅडलोने ऐकलं नसतं. शिवाय त्यांचा मूळपुरुष काही ऋषी नव्हता. तो डुकरं पकडायचा.

१६३८ साली ओबडाया वॅडलो इंग्लंडहून जहाजात बसून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, स्कँटुक गावी उतरला. बरोबर बायको, एक कुऱ्हाड आणि एक खुर्ची. गावाच्या पहिल्या दप्तरात त्याचं नाव एकदाच येतं: मोकाट डुकरं धरून कोंडवाड्यात घालायच्या कामावर नेमणूक. अल्माने आपल्या कुलवृत्तांताच्या ग्रंथात याचं 'नगरप्रशासनातील जबाबदारीचे पद' असं करून टाकलं होतं. खोटं नव्हतं ते. पिसाळलेल्या डुकराचा मागचा पाय धरायचा म्हणजे जबाबदारीच की!

ही अल्मा चाळीस वर्षं गावच्या पोस्टात खिडकीमागे उभी राहिली. उंच, हाडकुळी, मान ताठ. अंबाड्यात कायम दोन पेन्सिली खोचलेल्या, एक काळी, एक तांबडी. काळी नोंदीला, तांबडी चुकीला. रविवारी लोक चर्चमधून जेवायला घरी जात, आणि ही बादली-ब्रश घेऊन कबरस्तानात. मेलेल्या वॅडलोंचे दगड घासघासून तारखा वाचायची. वाटेत एखादा जिवंत वॅडलो भेटला तर म्हणायची, "तुझं काय, तुझी तारीख अजून अर्धीच आहे." आणि हे ती विनोद म्हणून म्हणत नसे.

तिचं लग्न एकदा जमत आलं होतं. ओहायोकडचा विमा एजंट, भला माणूस. दुसऱ्याच भेटीत हिने त्याच्या आजोबांचा जन्मदाखला मागितला. तिसरी भेट झालीच नाही.

"बरं झालं," अल्मा म्हणायची. "ज्याला आजा दाखवता येत नाही, तो मला काय सुख दाखवणार!"

वॅडलो कुलमंडळाची ती एकतीस वर्षं चिटणीस. दर ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी गावच्या सभागृहात कुळाचा मेळावा भरतो. दारातच फीत मिळते. ओबडायाच्या रक्ताचा असाल तर निळी. जावई, सुना, शेजारीपाजारी असाल तर पांढरी. निळ्यांची टेबलं खिडक्यांशी, समुद्राच्या वाऱ्याला. पांढऱ्यांचं स्वयंपाकघराच्या दाराशी, वाफेला. काकवी घालून रात्रभर शिजवलेल्या बीन्स, मक्याचा वाफवलेला पाव, तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, दुधातली आमटी, आणि शेवटी जांभळी बोरं भरून भाजलेली गोड 'पाय', जी खाऊन सगळ्या कुळाचे दात एका रंगाचे होतात.

जेवणाआधी हजेरी. ओबडायाला नातू अकरा, म्हणून शाखा अकरा. एकेका नातवाचं नाव पुकारायचं, आणि त्या शाखेच्या सगळ्यांनी उभं राहून "हजर!" म्हणायचं. पुकारणारा बसतो ओबडायाच्या खुर्चीत. ही खुर्ची म्हणजे एक शिक्षाच आहे. पाठ सरळ काटकोनात, बैठक अरुंद, एक पाय आखूड. तीनशे वर्षांत तिच्यावर कुणी सुखाने टेकलेलं नाही. तरीही तिच्यात बसण्याच्या मानापायी सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय.

अल्माला तो मान कधीच मिळाला नव्हता, कारण चिटणीसाने खुर्चीत बसू नये असा नियम होता. नियम तिनेच केलेला. पण १९८८ साल उजाडलं, ओबडायाला येऊन साडेतीनशे वर्षं झाली, आणि अल्माचा ग्रंथही त्याच मुहूर्तावर छापून आला: सहाशे बारा पानं, दोनशे प्रती. तेव्हा अध्यक्ष चेस्टर वॅडलो, जे गावातले दातांचे डॉक्टर आणि म्हणून सगळ्यांना तोंड उघडायला लावणारे, त्यांनी ठराव मांडला की या वर्षी खुर्ची अल्माची. अल्मा "कशाला, कशाला" म्हणाली आणि घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाठ ताठ ठेवून बसायचा सराव करू लागली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! घड्याळ लावून!

आता एक मेख होती. शाखा अकरा, पण हजेरीत नावं पुकारायची दहाच. अकरावी शाखा अल्माने १९६९ साली तांबड्या पेन्सिलीने उडवली होती.

त्याचं झालं असं. ऑरिन वॅडलो हा अल्माच्या वर्गातला. ओहोटीला चिखलात तिसऱ्या खणायचा आणि भरतीला लोकांच्या खोड्या काढायचा, हेच त्याचे दोन धंदे. त्या वर्षीच्या मेळाव्यात तो बाकावर चढला आणि गावच्या दप्तरातली ती डुकरांची नोंद त्याने खड्या आवाजात वाचून दाखवली.

"मंडळी, आपला आजा डुकरांमागे धावायचा! उगीच नाही आपल्या घराण्यात सगळ्यांच्या पोटऱ्या एवढ्या दणकट. आमच्या अल्माच्याच बघा!"

सभागृह हसून लोटपोट झालं. अल्माने आपल्या पोटऱ्या टेबलाखाली घेतल्या. तीन आठवड्यांनी मंडळाच्या बैठकीत तिने एक कागद पुढे सरकवला. ऑरिनची शाखा झॅकियसची. झॅकियसच्या आईबापांचं लग्न १२ मे १७०१. झॅकियसचा जन्म १५ फेब्रुवारी १७०१.

"लग्नाआधी तीन महिने पोर," अल्मा म्हणाली. "बाप कोण, याला पुरावा नाही. आणि पुरावा नाही तर निळी फीत नाही. नियम सगळ्यांना सारखा."

सूड म्हणून केलं का? अल्माला विचारलं असतं तर म्हणाली असती, पुरावा पुराव्याच्या जागी. पण ती तांबडी पेन्सिल त्या दिवशी जरा जास्तच टोकदार होती, हे गावाला ठाऊक आहे.

ऑरिनने ते हसण्यावारी नेलं. आपल्या नावेच्या मागे मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: 'नातं नाही'. भेटेल त्याला सांगायचा, "मी बिनबापाचा. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही." प्रश्न त्याच्या वडिलांचा होता. एसा वॅडलो तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं मेळाव्याच्या बीन्स त्यांच्या हातच्या, आणि चाळीस वर्षं बीन्स वाढून झाल्या की ते हात पुसून निळ्या टेबलावर येऊन बसायचे. पुढच्या वर्षी दारात त्यांच्या हातात पांढरी फीत पडली.  ती त्यांनी खिशात घातली आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवले. त्याच्या पुढच्या वर्षी गेले. तेव्हापासून मोठं भांडं ऑरिनच्या हाती.

तर ग्रंथ छापून आला. दोनशे प्रतींची खोकी अल्माच्या ओसरीत, छतापर्यंत. मेळाव्याला अकरा दिवस उरले होते. अशात चर्चचे नवे पाद्री तिच्या दारात आले, काखेत कातड्यात बांधलेली एक वही.

"मिस वॅडलो, ऑर्गन दुरुस्तीला काढला, तर आत ही सापडली. उंदरांनी कडा खाल्ल्यात. मला तर अक्षर लागत नाही. तुम्हीच बघा बाई."

अल्माने वही उघडली. स्कँटुकची मूळ जन्ममृत्यूची नोंदवही! सव्वाशे वर्षं बेपत्ता. आजवर सगळ्यांनी वापरली ती १८५० साली एका शाळामास्तराने केलेली नक्कल. अल्माचा सगळा ग्रंथ त्या नकलेवर उभा. पाद्रीबाबांना चहासुद्धा न विचारता तिने दार लावून घेतलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळी या लोकांचं नवं वर्ष जानेवारीत लागत नसे. पंचवीस मार्चला लागायचं, आपल्या पाडव्याच्या सुमाराला. म्हणजे १७०१ चा मे महिना आधी, आणि १७०१ चा फेब्रुवारी त्याच वर्षाच्या शेवटी, मेनंतर नऊ महिन्यांनी. अल्माला हे माहीत नव्हतं का? पोराटोरांना शिकवायची ती हे! पण तिची समजूत अशी, की नक्कल करताना मास्तरांनी वर्षं आजच्या हिशेबाने फिरवूनच उतरवली असणार. मास्तर माणूस, नीटच करणार. असं तिला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही.

वहीत १७०१ ची पानं एकामागून एक होती. पहिल्या पानावर मार्चअखेर. मग एप्रिल. मग १२ मे, झॅकियसच्या आईबापांचं लग्न. मग उन्हाळा, कापणी, बर्फ. आणि शेवटच्या पानावर, १५ फेब्रुवारी, अजून १७०१ च: झॅकियस.

अल्माने बोटं मोजली. पुन्हा मोजली. नऊ महिने आणि तीन दिवस. मास्तरांनी काही एक फिरवलं नव्हतं, जसंच्या तसं उतरवून मोकळे झाले होते.

"अरे देवा," ती खोक्यांना म्हणाली. "ऑरिन आपला आहे!"

तिला आधी राग आला तो मास्तरावर. मग पाद्रीबाबांवर, ऑर्गनवर, आणि उंदरांवर, की मेल्यांनी कडा खाल्ल्या, ते पान काय तुमच्या घशात अडकत होतं? मग ती उठली, चहा केला, प्यायची विसरली. ऑरिनपुढे जाऊन 'मी चुकले' म्हणायचं? त्यापेक्षा तिसऱ्यांच्या चिखलात उभं गाडून घेतलं असतं तिने स्वतःला.

पण अल्मा ती अल्मा. एक तारीख चुकली की सगळ्या तपासायच्या. जानेवारी ते मार्चमधल्या झाडून सगळ्या नोंदी तिने काढल्या. बहुतेकांचं काही बिघडत नव्हतं. एखादा आजोबा एक वर्षाने लहान झाला, एवढंच. पाच वाजता ती स्वतःच्या शाखेवर आली.

तिची शाखा इथामारची. इथामारचे वडील जोनाथन, समुद्रात बुडून गेले, २८ मार्च १७११. इथामारचा जन्म २० फेब्रुवारी १७११. अल्माने या दोन तारखांवर ग्रंथात दीड पान लिहिलं होतं: बाळ पाच आठवड्यांचं, बाप शेवटचं त्याच्या कपाळाचं चुंबन घेऊन नावेत बसला, वगैरे. ते दीड पान वाचून चेस्टरच्या बायकोला रडू आलं होतं.

वहीत १७११ च्या पहिल्याच पानावर जोनाथन बुडाला होता. आणि इथामार जन्मला तो शेवटच्या पानावर.

या खेपेला बोटं पुरेनात. दहा महिने ओलांडून अकरावा संपत आलेला. हत्तीण असती तर गोष्ट वेगळी. इथामारची आई पेशन्स वॅडलो बाई होती, आणि तिचा नवरा तेव्हा समुद्राच्या तळाशी होता.

अल्मा हळूच उठली आणि टिपणांचा जुना डबा काढला. त्यात एक चिठ्ठी होती, तिच्याच हातची, पंचवीस वर्षांपूर्वीची. कोर्टाच्या दप्तरातली १७१२ ची नोंद: विधवा पेशन्स वॅडलो आणि तिच्या घरी भाड्याने राहणारा पिंपं बनवणारा गिडियन प्राउस, लग्नावाचून मूल झाल्याबद्दल दोघांना दंड. खाली अल्माने तांबड्या पेन्सिलीने लिहिलं होतं: 'ही दुसरीच कुणी पेशन्स. आपल्या कुळातली असणं शक्य नाही.'

करायला गेली गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तो मारुती आता तिच्या पुढ्यात बसून दात विचकत होता.

दोन दिवस अल्मा घराबाहेर पडली नाही. काय ते सरळ होतं. वही वाचता येणारी गावात ती एकटी. पाद्रीबाबांना अक्षर लागत नव्हतं. वही पुन्हा ऑर्गनमध्ये गेली तर उंदीर उरलेलं काम चोख करतील. ग्रंथ छापलेला, खुर्ची ठरलेली. आणि सत्य सांगितलं तर? तिचाच नियम: पुरावा नाही तर निळी फीत नाही, हजेरी नाही, खुर्ची तर दूरच. सहाशे बारा पानांचा ग्रंथ लिहिणारी बाईच कुळाबाहेर!

मग तिसरी वाट सुचली. ऑरिनचं तेवढं दुरुस्त करायचं, आपलं झाकायचं. ही वाट तिला बरी वाटली, तासभर. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. एकाच वहीचं एक पान खरं आणि दुसरं खोटं, असं तिने कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं असतं?

तिसऱ्या दिवशी ओहोटीला ती गमबूट घालून चिखलात गेली. ऑरिन कमरेत वाकून खणत होता.

"कोण ते? अल्मा! काय गं, मेलेले संपले की काय, जिवंतांकडे आलीस?"

"हवा बरी आहे," अल्मा म्हणाली.

ऑरिनने वर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं. "तुझी तब्येत बरी आहे ना? की खुर्चीचं टेन्शन आलंय? गावात बातमी आहे, स्टुलावर सराव चाललाय म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"तुझी खिडकी रस्त्याला आहे, बये."

अल्माने तोंड उघडलं आणि मिटलं.  ऑरिनने टोपली धुतली, उगाच पुन्हा धुतली.

"तू आलीच आहेस तर एक विचारू?" तो म्हणाला. "हसायचं नाही. या वर्षी दोनशे माणसांच्या बीन्स आहेत. तू ग्रंथात शेवटी आभार का काय ते लिहितेस ना, सभागृह कुणी झाडलं, टेबलं कुणी दिली. त्यात बाबांचं नाव घालशील? कूळबीळ काही नको. नुसतं 'स्वयंपाक: एसा वॅडलो'. चाळीस वर्षं केलं गं त्यांनी. छापून झालं असेल तर राहू दे."

"छापून झालंय," अल्मा म्हणाली.

"मग राहू दे."

"राहू दे काय! गप्प बस जरा!" ती एकदम ओरडली आणि वळून चालू लागली. एक गमबूट चिखलात अडकला, तो तिथेच सोडून ती मोज्यानेच घरी गेली. ऑरिन बूट उचलून तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. म्हणाला, "या बाईला कुणी डुकरामागे धाडलं असतं तर डुकरानेच दार लावून घेतलं असतं."

घरी जाऊन अल्माने छापखान्याला फोन लावला. शुद्धिपत्र हवंय, म्हणाली. एक पान. दोनशे प्रती. शुक्रवारच्या आत.

मेळाव्याच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. दारात फिती वाटायला अल्माच उभी. चेस्टर आले, त्यांनी तिच्या छातीकडे पाहिलं. पांढरी फीत.

"अल्मा, चुकून पांढरी लावलीस."

"चुकून नाही. ग्रंथात एक चिठ्ठी आहे, ती वाच."

चेस्टरनी वाचली. त्यांचा चेहरा, आपल्याच दाताला भूल न देता हात घातल्यासारखा झाला. त्यांनी तिला दाराआड ओढलं.

"वेड लागलंय का? कुणाला कळणार आहे? आज साडेतीनशे वर्षं! पाहुणे आलेत, पेपरवाला आलाय!"

"मला कळलंय ना."

"अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला? ऑरिनला घेऊ हवं तर आत. तुझं राहू दे तसंच. तू म्हणजेच हे मंडळ!"

"म्हणूनच," अल्मा म्हणाली. "मी एसाच्या हातात पांढरी फीत ठेवली होती, चेस्टर. याच दारात. त्यांनी मला धन्यवाद म्हटलं होतं." आणि तिचे डोळे भरले. चाळीस वर्षांत पोस्टाच्या खिडकीमागे जे कुणी पाहिलं नव्हतं, ते चेस्टरनी पाहिलं, आणि ते बाजूला झाले.

हजेरीची वेळ झाली. अल्मा खुर्चीपाशी गेली, पण बसली नाही. उभ्यानेच तिने शुद्धिपत्र वाचलं. वाचायला दोन मिनिटं लागली. झॅकियस वॅडलो, आईबापांच्या लग्नानंतर नऊ महिने तीन दिवसांनी जन्मला, कुळातला, शाखा पूर्ववत. इथामार, कुळातला नाही. बाप बहुधा गिडियन प्राउस, पिंपं बनवणारा. ही शाखा रद्द. दोन्ही चुका लेखिकेच्या. स्वयंपाक, १९३० ते १९७०: एसा वॅडलो.

 इथामारच्या शाखेत अल्माशिवाय कुणी उरलं नव्हतं, एवढंच बरं. नाही तर तिथेच मारामारी झाली असती.

"आता हजेरी," अल्मा म्हणाली, आणि पुकारू लागली. एकेक शाखा उभी राहत होती, हजर म्हणत होती, बसत होती. नऊ झाल्या. मग तिने कागद खाली ठेवला. हे नाव तिला पाठ होतं.

"झॅकियस."

स्वयंपाकघराच्या दारात ऑरिन उभा होता, हातात पळी, पळीतून काकवी टपटपतेय. एकोणीस वर्षं ज्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं, त्याचा ओठ नुसता हलत होता.

"झॅकियस!" अल्मा पुन्हा म्हणाली. "पळी खाली ठेव, ऑरिन, फरशी खराब होतेय."

"हजर," ऑरिन म्हणाला. आवाज इतका बारीक, की मागच्यांनी विचारलं, आला का? आला का? तेव्हा तो घसा खाकरून गरजला, "हजर! बाबा आणि मी, दोघंही हजर!"

टाळ्या, बाकं, पाय, सगळं वाजलं. अल्माने त्याच्या शर्टाला निळी फीत टाचली. टाचणी त्याला टोचली.

"एकोणीस वर्षांचं सगळं एका टाचणीत काढलंस होय!" ऑरिन कळवळला.

"खुर्चीत बस," अल्मा म्हणाली. "तुझी आहे आज."

ऑरिन बसला. डावीकडे सरकला, उजवीकडे सरकला. दीड मिनिटात उठला.

"याच्यासाठी भांडता तुम्ही लोक? बाबा स्वयंपाकघरात उभे होते तेच बरं होतं की!"

अल्मा कागद आवरून पांढऱ्यांच्या टेबलाकडे निघाली, वाफेला, जावयांच्यात. जावई मंडळी सरकून जागा करू लागली. एवढ्यात ऑरिन ओरडला, "ए चिटणीस! हजेरी पुरी कुठे झाली? एक शाखा राहिली!"

"दहा झाल्या. दहाच आहेत."

"अकरा आहेत. वॅडलोंच्या दहा." त्याने पळी उचलली आणि खुर्चीच्या पाठीवर ठाणकन आपटली. साडेतीनशे वर्षांची खुर्ची, चेस्टरनी डोळेच मिटले. "गिडियन प्राउस! पिंपवाला! कुणी आहे का त्याचं इथे?"

लोक हसायला लागले, आणि हसता हसता थांबले, कारण अल्मा उभीच राहिली होती. कुळातल्या साडेतीनशे वर्षांच्या मेलेल्यांना जिने नावानिशी ओळखलं, तिला स्वतःच्या मूळपुरुषाचं खरं नाव आज पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने पुकारून दाखवलं होतं. तिने अंबाड्यातली तांबडी पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"हजर," अल्मा प्राउस म्हणाली.

"मग बस आता," ऑरिन म्हणाला आणि निळी फीत लावून तिच्याच शेजारी, पांढऱ्यांच्या बाकावर येऊन बसला. "या टेबलाला बीन्स आधी मिळतात. बाबांनी मला सांगितलं होतं, तुला सांगायचं राहिलं. आणि तुझा गमबूट माझ्याकडे आहे, जाताना घेऊन जा."